घर घेण्यापूर्वी पाण्याची वाट विचारा

नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने परप्रांती स्थायिक होण्याचा प्रसंग आज असंख्य कुटुंबांवर येतो. अशा वेळी शाळा किती दूर, बाजार किती जवळ, हवा कशी, याची चौकशी आपण अगत्याने करतो. परंतु ज्या भूमीवर आपले घर उभे राहावयाचे तिचा स्वभाव कसा आहे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. आयुष्याची पुंजी जेथे गुंतवावयाची आणि मुलेबाळे जेथे निर्धास्त निजवावयाची, तेथे वस्तुतः हाच प्रश्न प्रथम विचारावयास हवा. या दृष्टीने बंगळूरचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे.

मराठी माणसाला हे शहर परके नाही. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि आजही कितीतरी मराठी कुटुंबे तेथे संसार थाटून आहेत. वरवर पाहता यापेक्षा निर्भय स्थान शोधूनही सापडू नये. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंची, समुद्र दूर, मोठी नदी नाही. २००२ च्या भूकंपविषयक नकाशातही शहराची गणना सर्वांत सौम्य विभागात झालेली. असे असूनही सप्टेंबर २०२२ मध्ये एका रात्रीत सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला आणि शहराचा पूर्व भाग जलमय झाला. लक्षावधी रुपयांच्या बंगल्यांतील रहिवाशांना ट्रॅक्टर आणि नावांतून बाहेर काढावे लागले. जागेची किंमत ही सुरक्षिततेची हमी नव्हे, हे त्या दिवशी सर्वांना कळून चुकले.

नदी नसलेल्या गावी पूर आला कोठून?

याचे उत्तर शहराच्या इतिहासात आहे. १५३७ मध्ये केम्पेगौडाने वसविलेले हे नगर एका उंचवट्यावर आहे. त्यावर पडलेले पाणी एका अंगाने दक्षिण पिनाकिनीकडे, तर दुसऱ्या अंगाने वृषभावतीमार्गे अर्कावतीकडे व पुढे कावेरीस जाते. बारमाही नदी नाही म्हणून पूर्वजांनी उतारावर तळी बांधली. वरचे तळे भरले की सांडव्यावरून पाणी कालव्याने खालच्या तळ्यात उतरावे, अशी ती साखळी होती. या कालव्यांना कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात.

पुढे शहर वाढले आणि साखळीचे दुवे तुटत गेले. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. कित्येक कालवे अरुंद झाले, काही बुजले. माणूस तळे विसरला, पण पाणी आपली वाट विसरले नाही. आणि जी तळी बुजल्याने पावसाळ्यात पूर येतो, त्यांच्याच अभावी जमिनीत पाणी मुरत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात याच शहरातील असंख्य कूपनलिका कोरड्या पडल्या आणि कुटुंबांना टँकरची वाट पाहावी लागली.

‘सौम्य विभाग’ म्हणजे अभय नव्हे

भूकंपाच्या बाबतीतही गाफील राहून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली. तो प्रदेशही तत्कालीन नकाशात सर्वांत कमी धोक्याचाच मानलेला होता. तेथे धक्क्याइतकाच घात केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि जड माळवदांनी. बुजविलेल्या तळ्याची भुसभुशीत जमीन तर भूकंपाचे हादरे अधिकच वाढविते. सारांश, नकाशा प्रदेशाचे सांगतो. आपल्या भिंतीचे आणि पायाचे आपणच पाहिले पाहिजे.

मग पाहावे काय?

घर भर पावसात एकदा पाहून यावे. भिंतींवर पाण्याच्या जुन्या खुणा आहेत काय, हे न्याहाळावे. शेजारचा वाणी, दूधवाला आणि जुने रहिवासी यांना २०२२ साली पाणी कोठवर आले होते, हे विचारावे. दलालापेक्षा त्यांचे उत्तर अधिक भरवशाचे. महसूल खात्याचा गाव-नकाशा मिळवून त्यात तळे अथवा कालवा दाखविला आहे काय, ते तपासावे. वस्तीच्या नावाकडेही लक्ष द्यावे. कन्नडमध्ये ‘केरे’ म्हणजे तळे. विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप तळघरात असतील, तर पूर येताच उजेड आणि पाणी दोन्ही जातील. इमारतीचा आराखडा भूकंपाचा विचार करून केला आहे काय, हे अभियंत्याकडून जाणून घ्यावे. उन्हाळ्यात पाणी कोठून येते, हेही विचारण्यास संकोचू नये.

सर्वथा निर्धोक जागा पृथ्वीवर नाही. कोकणात दरडींचे भय, सांगली-कोल्हापुरास कृष्णा-पंचगंगेच्या पुराचे, किनाऱ्यावर वादळाचे. म्हणून संकटापासून पळून जाणे हा उपाय नव्हे. त्याची आधी ओळख करून घेणे आणि झेपेल असेच संकट पत्करणे, यातच गृहस्थाचा विवेक आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यानेही हे प्रश्न विचारावेत, कारण पाणी आत शिरताना घर कोणाच्या मालकीचे, हे पाहत नाही. दोन-चार दिवसांची ही चौकशी पुढील कित्येक पावसाळ्यांची झोप सुखाची करील.