गाडीचा डेटा ‘दाबून’ पाठवायचा, तर सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय करावं लागतं?

चाकण चौकातल्या कोंडीत बस जागची हलत नाही, पण तिच्यातली एक छोटी डबी काम करतच असते. गाडी कुठे आहे, वेग किती, हे ती सिमकार्डवरून सर्व्हरला कळवत राहते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या बस-टॅक्सींना ‘एआयएस १४०’ मानकानुसार अशी डबी बंधनकारक आहे.

एका गाडीचा डेटा थोडा, पण हजार गाड्यांचा मोबाईल डेटाचा खर्च मोठा. म्हणून पिंपरी-चिंचवड, चाकणसारख्या वाहन उद्योगाच्या पट्ट्यात गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना कॉम्प्रेशन लायब्ररी हवीशी वाटते.

ही लायब्ररी करते काय?

पुन्हा पुन्हा येणारा मजकूर शोधते आणि दुसऱ्या वेळी फक्त ‘मागे बघा’ अशी खूण ठेवते. ही कल्पना लेम्पेल आणि झिव यांनी १९७७ मध्ये मांडली. त्यावर आधारलेली ‘झीलिब’ १९९५ मध्ये आली. ती मोफत आहे आणि व्यावसायिक प्रॉडक्टमध्येही वापरता येते.

मग लगेच जोडायची का?

थोडं थांबून तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, मेमरी. नेहमीच्या सेटिंगवर झीलिबला डेटा दाबायला सुमारे २५६ केबी लागतात. संगणकाला हे काहीच नाही, पण डबीतल्या छोट्या चिपकडे तेवढी जागा नसूही शकते. सेटिंग कमी करता येतं, मात्र मग डेटा कमी दाबला जातो.

दुसरी, पॅकेटचा आकार. शंभर बाइटच्या निरोपात पुनरावृत्तीच कमी, त्यामुळे फायदाही नगण्य. अनेक नोंदी साठवून एकत्र दाबल्या तर फरक पडतो. पण आणीबाणीच्या बटणाचा संदेश असा साठवून चालत नाही, तो त्याच क्षणी गेला पाहिजे. शिवाय सरकारी सर्व्हरला डेटा ठरलेल्या स्वरूपातच लागतो. कॉम्प्रेशन करायचं ते स्वतःच्या सर्व्हरपुरतंच.

तिसरी, उलटा प्रवास. झीलिबच्या पद्धतीत दाबलेला डेटा उघडल्यावर हजारपटीपर्यंत फुगू शकतो. कुणी मुद्दाम बनवलेली १ एमबीची फाइल सर्व्हरवर जवळपास १ जीबी होईल आणि सर्व्हर बसेल. म्हणून उघडताना आकाराची मर्यादा घालायलाच हवी.

एकदा जोडली की काम संपलं?

नाही. झीलिबमधला मेमरीचा एक दोष २०१८ मध्ये समोर आला, पण त्याच्या दुरुस्तीसह अधिकृत आवृत्ती १.२.१२ आली ती मार्च २०२२ मध्ये. मार्च २०२४ मध्ये तर ‘एक्सझेड’ या दुसऱ्या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं.

गाडी मात्र दहा-पंधरा वर्षं रस्त्यावर असते. त्यामुळे कोणत्या डबीत लायब्ररीची कोणती आवृत्ती आहे याची नोंद, आणि ती दूरवरून बदलण्याची सोय, या दोन गोष्टी पहिल्या दिवशीच हव्यात. नाहीतर वाचवलेल्या डेटाचे पैसे एक-एक गाडी परत बोलावण्यातच जातील.