मुखत्यारावरही चालणारा हुकूम

15 ऑगस्ट 2012 रोजी, ऐन रमजानात, धाहरान येथे मुख्यालय असलेल्या सौदी अरामको या तेलकंपनीच्या सुमारे 30,000 संगणकांवर 'शमून' नामक विध्वंसक प्रोग्रामने घाला घातला आणि पुसलेल्या मजकुराच्या जागी जळत्या अमेरिकन ध्वजाच्या चित्राचा तुकडा भरून ठेवला. तेलाचे उत्पादन तेवढे अबाधित राहिले, कारण त्याची नियंत्रणयंत्रणा कचेरीच्या जाळ्यापासून अलग होती. शमूनने कुलूप फोडले, असे मात्र म्हणता येत नाही. व्यवस्थापकाचे अधिकार त्याने आधीच बळकावले होते, आणि डिस्कवर थेट लिहिणारा जो ड्रायव्हर त्याने वापरला, तो रीतसर सही असलेला व्यापारी माल होता. यंत्राच्या लेखी सारा व्यवहार सनदशीरच झाला!

ज्याच्या नावाने प्रोग्राम चालतो, त्याचे यच्चयावत हक्क त्या प्रोग्रामला आंदण मिळतात, हे प्रचलित व्यवस्थेचे मूळ वैगुण्य होय. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर 2000 मध्ये 'एसईलिनक्स' खुले केले, आणि 2003 मध्ये ते लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) समाविष्ट झाले. यात प्रत्येक फाइलीवर आणि प्रत्येक चालू प्रोसेसवर एक लेबल असते. नेहमीच्या परवानगीची तपासणी पार पडल्यावर गाभा ही दोन लेबले आधी आखून ठेवलेल्या नियमांच्या धोरणाशी ताडून पाहतो, आणि स्पष्ट अनुज्ञा नसेल तर, मागणारा साक्षात 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी व्यवस्थापक, असला तरी, नकार देतो. म्हणून वेब-सर्व्हर शत्रूच्या हाती गेला, तरी त्याच्या लेबलाला पासवर्डांची फाइल वाचता येत नाही.

खरी कसोटी लागते ती व्यवस्थापनाची. फाइलीची नक्कल केली की तिला सामान्यतः नव्या फोल्डरचे लेबल लागते. पण मूळ फाइलच हलवली, तर जुने लेबल तिच्याबरोबर जाते, आणि घरच्या फोल्डरातून आणलेले वेबपान, परवानग्या यथास्थित असूनही, सर्व्हरला नाकारले जाते. जागेला साजेसे लेबल परत लावणारी 'रिस्टोअरकॉन' ही एक आज्ञा दिली की काम भागते. पण त्रासलेले व्यवस्थापक सबंध बंदोबस्तच उठवतात, आणि या आळसाचे समर्थन मला तरी करवत नाही.

शमूनचे भक्ष्य विंडोज होते. तेथेही व्हिस्टापासून प्रोसेसवर विश्वासाच्या पातळीचे लेबल असते, परंतु व्यवस्थापकाची पातळी उच्च, आणि ड्रायव्हर चढवणे हा त्याचाच हक्क. एसईलिनक्समध्ये गाभ्यात मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरसारखा जोडभाग, चढवण्याची अनुज्ञाही लेबलावर अवलंबून ठेवता येते. मात्र रेड हॅटसारख्या वितरणांत व्यवस्थापकाचे सत्र मुळातच 'अनकन्फाइन्ड' लेबलाखाली, म्हणजे जवळजवळ निर्बंधमुक्त चालते.