फोटो एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घेताना

वलीमा होऊन आठ दिवस झाले होते आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क बसली. आधीचे दोन दिवस ती टकटक वाजत होती, आम्ही पंखा वाजतोय असं समजून कानाडोळा केला. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी रिकामी करून झाली होती. शहरातल्या एका दुकानदारानं डिस्क महिनाभर ठेवून घेतली आणि ‘काही निघत नाही’ म्हणून परत दिली. त्या डिस्कमध्ये नवरीच्या आजोबांचा एक फोटो होता, रुखसतीच्या वेळी नातीच्या डोक्यावर हात ठेवलेला. दरम्यान आजोबांचा इंतकाल झाला. घरचे लोक अल्बम विचारायला आले, तेव्हा आम्ही खरं काय ते सांगितलं. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. अम्मीनं केलेला चहा मात्र तसाच राहिला.

धावड्यासारख्या गावात आम्ही भाऊ-बहीण लग्नांचे फोटो काढतो. एकजण मर्दाने बाजूचे, दुसरी जनान्यातले. एडिटिंग घरातच होतं, आणि त्याला कारण आहे. बायकांकडचे फोटो बाहेरच्या कुणाच्या हातात जाऊ नयेत, ही लोकांची पहिली अट असते. त्यामुळे कॉम्प्युटर चांगला हवा, घरात हवा आणि त्यातलं काही हरवता कामा नये. जुनी डिस्क गेल्यावर नवा डेस्कटॉप घेताना आम्ही बरंच विचारलं, वाचलं, दुकानं पालथी घातली. हल्ली घराघरांतून मुलं-मुली हे काम शिकताहेत, म्हणून जे समजलं ते इथं मांडतो.

आधी पैशांचं. पंचवीस घरांची भिशी, महिना तीन हजार. नंबर लागला तो अकराव्या महिन्यात, पंचाहत्तर हजार हातात आले. मधल्या काळात दुकानदार ‘बिनव्याजी हप्त्यांवर घेऊन टाका’ म्हणत होते. कार्डावरच्या अशा योजनेत साधारणपणे बँक व्याज लावतेच. विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट आधीच देते, म्हणून रक्कम सारखी दिसते. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. हे जायज की नाही ते आलिमांना विचारावं. आम्ही त्या वाटेला गेलो नाही आणि अकरा महिने जुन्याच डब्यात नवी डिस्क टाकून रडतखडत काम केलं. लॅपटॉप का नाही, असंही पुष्कळांनी विचारलं. डेस्कटॉपचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि आज नाही जमलं ते पुढच्या लग्नसराईनंतर वाढवता येतं. आमच्यासारख्यांना हेच परवडतं.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘ग्राफिक कार्ड कोणतं टाकू?’ काचेच्या कॅबिनेटमध्ये लाल-निळे दिवे लावलेली मशिनं समोरच मांडलेली असतात. ती खेळांसाठी बनवलेली. फोटोच्या कामात पैसा आधी तिथं घालायचा नसतो. आधी मॉनिटर बघायचा. आपण जे काही सुधारतो ते पडद्यावर बघूनच सुधारतो. पडदाच खोटं दाखवत असेल तर त्यामागचा महागडा कॉम्प्युटर त्याच खोट्यावर झपाट्यानं काम करणार.

मॉनिटर आयपीएस पॅनलचा घ्यावा. स्वस्त टीएन पॅनलमध्ये मान जरा वर-खाली केली की चेहऱ्याचा रंग बदलतो. डब्यावर ‘शंभर टक्के एसआरजीबी’ किंवा त्याच्या जवळपास लिहिलेलं असावं. एसआरजीबी हे रंगांचं माप 1996 मध्ये पुढं आलं, आणि आजही बहुतेक अल्बम लॅब त्याच मापातली जेपीईजी मागतात. चोवीस इंची फुल एचडी, म्हणजे 1920 बाय 1080, कामाला पुरतो. ऐपत असेल तर सत्तावीस इंची 2560 बाय 1440 घ्या, पण सत्तावीस इंचावर नुसता फुल एचडी नको. चित्राचे कण मोठे दिसतात आणि फोटो खरा किती धारदार आहे ते कळत नाही.

दुकानातल्या डेमो व्हिडिओवर जाऊ नका, त्यात पोपट आणि फुलं सगळ्याच पडद्यांवर सुंदर दिसतात. आम्ही पेनड्राइव्हवर आपलेच चार फोटो नेले होते: काळी शेरवानी, काळा बुरखा घातलेल्या खालाजान, पांढराशुभ्र दुपट्टा आणि मेहंदीचे हात. काळ्या कापडातल्या चुण्या दिसतात का, दुपट्ट्यावरचं पांढरं भरतकाम पांढऱ्यात विरून जातं का, मेहंदी तपकिरी दिसते की लाल, एवढं बघितलं. तीन मॉनिटरांपैकी दोन तिथंच बाद झाले, आणि त्यातला एक सगळ्यांत महाग होता.

‘पडद्यावर छान होता, छापून काळपट आला’ ही तक्रार प्रत्येक स्टुडिओत ऐकू येते. दोष लॅबला दिला जातो. बहुतेक वेळा आपला पडदाच गरजेपेक्षा उजळ असतो. त्यामुळे फोटो उजळ वाटतो आणि आपण तो गडद ठेवतो. लॅबमधून आलेला प्रिंट चांगल्या उजेडात पडद्याशेजारी धरायचा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणायचा. आमचा शंभरावरून तिसाच्या आसपास आला. पहिले दोन दिवस डोळ्यांना अंधारल्यासारखं झालं, मग सवय झाली. रंग मोजणारं छोटं यंत्रही मिळतं. ते महाग आहे, पण चार-पाच स्टुडिओंनी मिळून घ्यायला हरकत नाही, कारण ते महिन्यातून एकदाच लागतं. आणखी एक गंमत सांगतो. आमच्या खोलीची भिंत हिरवीगार होती, अब्बांच्या आवडीची. त्या भिंतीवरून परतणाऱ्या उजेडात चेहरे नीट पारखता येईनात. अब्बांची समजूत काढायला मॉनिटर निवडण्यापेक्षा जास्त दिवस लागले. आता भिंत फिकट राखाडी आहे.

आता डब्याच्या आतलं. रॅम किती हवी ते हिशेबानं ठरवा. अल्बमचं एक पान बारा बाय छत्तीस इंचाचं, इंचाला तीनशे ठिपके. म्हणजे 3600 गुणिले 10800, जवळजवळ 3 कोटी 89 लाख पिक्सेल. एका पिक्सेलला तीन बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेयर साधारण 116 एमबीचा. असे वीस लेयर झाले की एकटं पान दोन जीबीच्या वर गेलं, आणि आपण तीन-चार पानं उघडी ठेवतो, शिवाय ब्राउझर चालू. आठ जीबीत हे गुदमरतं. सोळा जीबी किमान समजा, आणि बोर्डावर एक खाच रिकामी ठेवून घ्या, म्हणजे रॅमचे भाव उतरतील तेव्हा वाढवता येईल.

विंडोज आणि चालू काम एसएसडीवरच हवं. साधी हार्डडिस्क सेकंदाला दीडेकशे एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या वर, आणि बोर्डावर बसणारी एनव्हीएमई त्याच्याही कितीतरी पट. हजारभर फोटो चाळून निवडताना हा फरक हाताला कळतो.

प्रोसेसर सहा कोअरचा पुरे. इंटेलचा आय-फाइव्ह 12400 किंवा एएमडीचा रायझन-फाइव्ह 5600जी यांत पडद्यासाठीचं ग्राफिक आतच असतं, वेगळं कार्ड लागत नाही. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेल थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ते नसतं, म्हणून बिलावरचं अक्षर न् अक्षर वाचा. एक मात्र कबूल करायला हवं. हॉलमधल्या कमी उजेडात काढलेल्या फोटोंचे दाणे लाइटरूमच्या एआयनं काढायचे असतील, तर चांगल्या कार्डाशिवाय एकेका फोटोला मिनिटं लागतात. आम्ही निवडक फोटोंपुरतं ते रात्री लावून झोपतो. पुढं कार्ड टाकता यावं म्हणून पाचशे पन्नास वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस मात्र आजच घेतला.

जुनी ऑफिसची मशिनं ‘आय-फाइव्ह आहे’ म्हणून स्वस्तात विकली जातात. नुसत्या आय-फाइव्हवर भुलू नका. पुढचा आकडा 4570 असेल तर ती चौथी पिढी, 12400 असेल तर बारावी. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. स्वस्त डबा घेऊन त्यावर लोकांचे फोटो आणि इंटरनेट दोन्ही ठेवायचं, हे आम्हाला पटलं नाही.

तेच पेनड्राइव्हवरून ‘फुकट’ टाकून मिळणाऱ्या फोटोशॉपचं. दुसऱ्याच्या मेहनतीचा पैसा बुडवण्याचा प्रश्न तर आहेच, पण त्यासोबत काय काय आत येतं ते कुणालाच ठाऊक नसतं. परवडत असेल तर महिन्याची वर्गणी भरावी. नसेल तर जिंप आहे, 1996 पासून सगळ्यांना खुलं आणि मोफत, मार्च 2025 मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली. रॉ फाइलींसाठी डार्कटेबल आहे, तेही मोफत. बाजारात मिळणारे अल्बमचे पीएसडी नमुने जिंपमध्ये उघडतात, पण काही इफेक्ट जसेच्या तसे येत नाहीत. शिकायला दोन महिने धरा.

राहिला तो भाग, ज्यासाठी हे सगळं केलं. अजिंठ्याचे डोंगर आमच्यापासून लांब नाहीत. तिथल्या चित्रांच्या नकला करायला कंपनी सरकारनं 1844 मध्ये रॉबर्ट गिल नावाचा फौजी अधिकारी नेमला. वर्षानुवर्षं खपून त्यानं केलेली चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली होती, 1866 च्या डिसेंबरात तिथं आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्सनं 1872 पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ 1885 मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. आपला मुलूख निजामाच्या राज्यात असताना तिथल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी फोटोग्राफीच्या आधारानं अजिंठ्याचे ग्रंथ काढले, पहिला भाग 1930 चा. छापील ग्रंथाच्या प्रती गावोगावच्या ग्रंथालयांत जातात, एका आगीत सगळ्या सापडत नाहीत.

आमच्याकडे एका लग्नाचे दोन हजारांच्या आसपास रॉ फोटो होतात, चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून पन्नास ते साठ जीबी. दोन टीबीच्या डिस्कमध्ये तीसेक लग्नं मावतात. म्हणून पंचाहत्तर हजारांतले सतरा हजार आम्ही दोन बाहेरच्या डिस्क आणि एका यूपीएसवर घातले, चौदा मॉनिटरवर, उरलेल्या चव्वेचाळीसमध्ये डबा भरला. दुकानदार म्हणाला, ‘डिस्क एकच घ्या, त्या पैशात कार्ड बसवून देतो.’ ऐकलं नाही. एक डिस्क घरी असते, कॉपी झाली की लगेच काढून कपाटात. दुसरी भोकरदनला मामूंकडे, तीवर कुलूप लावलंय, म्हणजे पासवर्डशिवाय एकही फोटो उघडत नाही. दर जुम्म्याला दोघांपैकी एकजण डिस्का बदलून आणतो. अल्बम घरच्यांच्या हातात पडेपर्यंत कार्ड रिकामं करायचं नाही, हा नियम कागदावर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवलाय. यूपीएस लाइट गेल्यावर काम करत राहण्यासाठी नाही, फाइल सेव्ह करून मशिन नीट बंद करण्यापुरता आहे. उन्हाळ्यात कॅबिनेटची धूळ महिन्यातून एकदा काढावी लागते.

नव्या मशिनवर पहिलं काम त्या आजोबांच्या फोटोचं केलं. डिस्क बसायच्या आधी तो आम्ही एका पाहुण्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, त्यांच्या मोबाइलमध्ये ती दाबून लहान झालेली प्रत सापडली, 1600 पिक्सेल रुंदीची. जुन्या पडद्यावर आजोबांची शेरवानी नुसती काळी दिसायची, नव्यावर तिच्या गळ्याची शिवण दिसली. घरच्यांना भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. चार बाय सहाच्या पुढं तो नीट जात नव्हता, म्हणून तेवढाच छापून दिला आणि फाइल दोन्ही डिस्कवर ठेवली.