धावल्यानंतर दुसऱ्या दिवशी पाय का दुखतात?

साताऱ्यात २०१२ साली डोंगरावरील अर्धमॅरेथॉन सुरू झाली. धावपटू यवतेश्वरचा घाट चढून जातात आणि पुन्हा खाली उतरतात. धाप लागते ती चढताना. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात, त्याला मुख्यतः उतार कारणीभूत असतो. असे का व्हावे?

‘स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते, म्हणून दुखते’ हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. परंतु व्यायामाने वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. हे दुखणे मात्र १२ ते २४ तासांनी सुरू होते आणि २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते. अमेरिकेतील संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना सपाटीवर, तर काहींना उतारावर धावायला लावले. लॅक्टेट वाढले सपाटीवर धावणाऱ्यांचे आणि पाय दुखले उतारावर धावणाऱ्यांचे!

मग खरे कारण कोणते? भरलेली बादली हळूहळू खाली ठेवून पाहा. दंडाचा स्नायू जोर लावत असतो, तरीही त्याची लांबी वाढत असते. उतारावर मांडीच्या पुढील स्नायूंना असेच ‘ब्रेक’चे काम करावे लागते. अशा वेळी तुलनेने थोडे तंतू कामाला लागतात, त्यामुळे प्रत्येक तंतूवर अधिक ताण येतो. तंतूंच्या सूक्ष्म रचनेत व भोवतालच्या आवरणात बारीक इजा होते. दुरुस्तीसाठी दाह सुरू होतो, चेतातंतू संवेदनशील होतात आणि स्पर्शही दुखरा वाटतो.

यावर उपाय काय? धावण्याआधी वा नंतर स्नायू ताणल्याने हे दुखणे कमी होते, असा समज आहे. अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात हा परिणाम नगण्य ठरला आहे. हलके चालणे व मालीश यांनी थोडा आराम पडतो. पुरेशी झोप व आहार हवाच. वेदनाशामक गोळ्या घेऊन धावणे मात्र टाळावे; शरीरातील पाणी कमी झालेले असताना काही गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात.

सर्वांत उत्तम प्रतिबंध म्हणजे सवय. एकदा थोडासा उतार धावून झाला, की पुढील काही आठवडे तेवढ्याच श्रमाने स्नायू बरेच कमी दुखतात. म्हणून अंतर व उतार हळूहळू वाढवावेत.

शिक्षकांच्या दृष्टीने येथे एक गंभीर मुद्दा आहे. उठाबशांमध्ये खाली बसताना मांडीचे स्नायू असेच लांबत असताना ताण सोसतात. सवय नसलेल्या मुलाला शंभर-दोनशे उठाबशा काढायला लावणे ही केवळ ‘शिस्त’ नव्हे. क्वचित स्नायूतंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. असह्य वेदना, सूज, अशक्तपणा किंवा काळ्या चहासारखी लघवी यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

सुटीनंतर मैदानावर परतलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी दमवू नये. दुखणे म्हणजे व्यायाम चांगला झाल्याची पावती नव्हे, हेही त्यांना अवश्य सांगावे.