१ लाख कोटी आणि प्राध्यापकाची रजा

केंद्र सरकारच्या संशोधन-विकासासाठीच्या १ लाख कोटींच्या निधीची बातमी एव्हाना शिळी झाली. त्यातली एक अट मात्र फारशी कुणी वाचलेली दिसत नाही. तंत्रज्ञानाच्या तयारीच्या नऊ पायऱ्या मानतात आणि हा पैसा चौथीपासून पुढे मिळणार आहे. पहिल्या तीन कुणी चढायच्या? प्रयोगशाळा चालवणाऱ्या प्राध्यापकाने. तेही पीएचडीचे विद्यार्थी, खरेदीच्या निविदा आणि नॅकच्या फायली सांभाळून.

पवईच्या राहुल पुरवारांनी त्या चढून दाखवल्या. तिथल्या आयआयटीतली प्राध्यापकी न सोडता त्यांनी २०१८ मध्ये इम्युनोॲक्ट ही कंपनी काढली. रक्ताच्या कर्करोगावरच्या त्यांच्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेत तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे साधारण दहाव्या हिश्श्यात आला. जिद्द होतीच, पण टाटा मेमोरियलचं खारघरचं केंद्रही शेजारी होतं. रुग्ण, डॉक्टर, चाचण्यांचा अनुभव, सगळं पवई ते खारघर एवढ्या टापूत. असा शेजार किती विद्यापीठांच्या नशिबी असतो?

शोधाच्या मालकीचा प्रश्न त्याहून अवघड, आणि तिथे नॉर्वेकडे बघावं. २००३ पर्यंत तिथे प्राध्यापकाचा शोध सर्वस्वी त्याचाच असे. मग सरकारने विद्यापीठांना भागीदार केलं. प्राध्यापकाकडे साधारण एक तृतीयांश उरला. विद्यापीठं हिरिरीने शोध बाजारात नेतील, हा हिशेब. ह्विडे आणि जोन्स या अर्थतज्ज्ञांनी २०१८ साली आकडे मांडले, तर प्राध्यापकांच्या नव्या कंपन्या आणि पेटंट दोन्ही जवळजवळ निम्म्यावर आलेली. हक्क विद्यापीठाच्या कार्यालयाकडे गेला की रात्री जागून काम करणारा माणूस घरी जाऊन झोपतो, एवढाच मी त्याचा अर्थ लावतो.

शिक्षणसंस्थांसाठीचं आपलं २०१९चं स्टार्टअप धोरण त्या मानाने उदार आहे. कंपनीसाठी रजा घेता येते आणि संस्था २ ते साडेनऊ टक्के हिस्सा घेऊ शकते, असं त्यात म्हटलंय. पण रजेवर गेलेल्याचे तास घेणार कोण? आयआयटीत कुणीतरी सापडतं. राज्य विद्यापीठांत कितीतरी विभाग तासिका तत्त्वावर चाललेत. तिथे विभागप्रमुखाने वर्षभराची रजा मागितली, तर विभागालाच कुलूप लागायचं. सरकारला खरोखर प्राध्यापक-उद्योजक हवे असतील, तर आधी त्या रिकाम्या जागा भराव्यात. मग रजेच्या अर्जावर सही करणारे कुलगुरूही सापडतील.