गिरणगांवांतील खाणावळी

इंग्लंडांतील लँकेशायर परगण्याचा इतिहास वाचतांना 'पब' हा शब्द वारंवार आढळतो. पब म्हणजे मद्यालय खरें. परंतु तेथील गिरणीकामगार केवळ पिण्यासाठींच पबांत जात असें नाहीं. त्यांच्या परस्परसाहाय्यक मंडळ्यांच्या बैठकी तेथें होत, वर्गणी तेथें गोळा होई, आणि संप करावा कीं न करावा याचा खलहि पुष्कळदां तेथेंच चाले. मुंबईच्या गिरण्यांचीं यंत्रें बहुतेक याच लँकेशायरहून आलीं. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं येथें पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढें परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी हा सारा टापू धुराड्यांनीं भरून गेला, आणि लोक त्यास गिरणगांव म्हणूं लागले. यंत्रें आलीं, परंतु पबाचें स्थान येथें निराळ्याच गोष्टीनें घेतलें. ती गोष्ट म्हणजे खाणावळ. तिची हकीकत आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांचे आजे-पणजे गिरणींत होते अशा विद्यार्थ्यांस, सांगावी असा आमचा हेतु आहे.

गिरणगांवांत दारू नव्हती काय? होती. गुत्ते होते, ताडीचीं दुकानें होतीं, आणि पगाराच्या दिवशीं गुत्तेवाला व व्याजबट्टा करणारा पठाण हे दोघेहि कामगाराची वाट पाहत. सरकारनें १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबईंत दारूबंदी पुकारली, १९४९ सालीं तिचा कडक कायदा केला. तेव्हां गुत्ते गेले व चोरट्या भट्ट्या आल्या. या व्यसनास कांहीं पर्याय असावा असें वाटणारेहि होते. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनीं १९२७ सालीं नागपाड्यास वस्तींतील लोकांसाठीं समाजगृह उघडलें, तें याच प्रकारच्या विचारांतून. आणि त्याच गृहांत १९३६ सालीं समाजसेवेचें शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली. परंतु थकल्या कामगाराचें मुंबईंतील खरें घर गुत्त्यांतहि नव्हतें व समाजगृहांतहि नव्हतें. तें कोणा मावशीच्या चुलीपाशीं होतें.

याचें कारण समजण्यास चाळींतील खोली डोळ्यांपुढें आणावी लागते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर येथून येणारा तरुण बायकामुलें गांवीं ठेवून येई. एका गांवचे वा एका नात्याचे अनेक जण मिळून एक खोली भाड्यानें घेत; दिवसपाळीवाले कामावर गेले म्हणजे रातपाळीवाले त्यांच्याच जागीं आडवे होत. डेव्हलपमेंट खात्यानें १९२० नंतर बांधलेल्या चाळींतील खोलीहि सुमारें १६० चौरस फुटांची. तेथें प्रत्येकानें चूल कोठें मांडावी? म्हणून शेजारची एखादी बाई महिन्याच्या हिशेबानें दहा, वीस, कधीं त्याहूनहि अधिक जणांचें जेवण करी. कोणी विधवा, कोणाचा नवरा कामावरून कमी झालेला, कोणी पूर्वीं स्वतःच गिरणींत होती. पहांटे भोंग्यापूर्वीं तिचें पीठ मळून तयार असे. घाटावरच्यांस भाकरी, कोंकणांतल्यांस भात, जोडीला आमटी, सुकें बोंबील. पगाराच्या सुमारास मटण. एखाद्यानें जेवण चुकविलें तर त्याचा 'खाडा' धरून महिन्याच्या रकमेंतून वजा करीत. पुष्कळींस अक्षरओळख नव्हती, तरी कोणाचे किती खाडे हें त्या तोंडपाठ सांगत.

आजच्या मुलांस हा स्वयंपाकाचा साधा धंदा वाटेल. परंतु येथेंच गांवचें पत्र वाचलें जाई, नव्याची नोकरीची खटपट होई, भजनाची नि तमाशाची बातमी कळे. सारेंच येथें गोड होतें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. खाणावळी जातीजातींच्या निराळ्या असत. गिरणींतहि तेंच. साचेखात्यांत धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांस त्या अधिक पगाराच्या खात्यांत घेत नसत. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ च्या संपाच्या वेळीं हा प्रश्न उघडपणें मांडला. जो विटाळ मागावर, तोच ताटावर होता.

खाणावळीची खरी कसोटी संपांत लागे. लोकमान्य टिळकांस जुलै १९०८ मध्यें सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हां मुंबईचे कामगार सहा दिवस कामावर गेले नाहींत; परंतु सहा दिवस कसेंहि निघतात. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने चालला. पगार बंद, वाणी उधार देईनासा झालेला, आणि जेवणारे तर रोज दारांत. संघटनांच्या इतिहासांत पुढाऱ्यांचीं भाषणें आढळतात. त्या सहा महिन्यांचें पीठ कोठून आलें हें क्वचितच आढळतें. अंगावरचे डाग गहाण टाकून ज्या बायांनीं ताटें मांडलीं, त्यांचाहि तो संप होता असें आम्हांस वाटतें.

या बायांचें कर्ज सावकाराच्या घरून बँकेकडे वळविण्याचें मोठें काम प्रेमा पुरव यांनीं केलें. त्या गोवामुक्तीच्या लढ्यांतील व नंतर कामगार चळवळींतील कार्यकर्त्या. त्यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खाणावळवाल्यांस एकत्र केलें. जिच्यापाशीं तारण म्हणून भांडींकुंडींच होतीं, तिला राष्ट्रीयीकृत बँकेनें आपल्या नांवावर कर्ज द्यावें ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागें घेतलाच गेला नाहीं. जेवणारे हळूहळू गांवीं परतले. कित्येकांचे पैसे राहिले ते राहिलेच, आणि मागावयाचे तरी कोणाकडे? गिरण्यांच्या जमिनींवर आतां उंच इमारती व मोठमोठीं दुकानें आहेत. कांहीं जुनीं धुराडीं शिल्लक आहेत. वरळीच्या जुन्या चाळींतील कांहीं कुटुंबांस २०२५ सालीं नव्या इमारतींत घरें मिळालीं, आणि तीं पूर्वींच्या खोल्यांहून पुष्कळ मोठीं आहेत, याचा आम्हांस आनंदच आहे.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं अशी खाणावळ चालविलेली आजी किंवा पणजी असेल, त्यांनीं सुटींत तिच्याजवळ बसून विचारावें: किती जण जेवत, कोणत्या गांवचे होते, खाडा कसा धरीत, आणि संपांत कोणाकडे किती राहिले. नांवें व गांवें मात्र तिथल्या तिथें वहींत उतरून घ्यावींत.