संत्र्याला भोक कोणी पाडलं? पतंग ओळखायची गोष्ट

पतंग म्हटलं की नागपुरात आधी आठवतो मांजा, चक्री आणि संक्रांतीचं 'ओ काट'. आजची पोस्ट दुसऱ्या पतंगांबद्दल आहे. पावसाळ्यात तुमच्या गॅलरीतल्या दिव्याभोवती फिरतात आणि सकाळी भिंतीला चिकटून बसलेले दिसतात, ते.

मी पीएच.डी.साठी पतंगांवर काम करते, त्यामुळे एक प्रश्न नेहमी येतो: "एवढी नावं माहीत असून उपयोग काय?" मला पतंग आवडतात, हे खरं उत्तर. पण तेवढ्यावर लोकांचं समाधान होत नाही. म्हणून आज आपल्या संत्र्यापासून सुरुवात करू.

आरोपी कोण?

पावसाळा संपत येतो, आंबिया बहाराची संत्री रंग धरू लागतात आणि काटोल-नरखेड-वरुडकडच्या बागांत फळगळ सुरू होते. गळलेलं फळ नीट पाहिलं तर कधीकधी त्यावर टाचणीने टोचल्यासारखं बारीक भोक दिसतं, आणि भोकाभोवती सड. हे काम रस शोषणाऱ्या पतंगाचं.

आता गंमत बघा. पतंगांच्या बाबतीत पिकाचं नुकसान सहसा अळी करते. मोठा झालेला पतंग फार तर फुलातला मध पितो. इथे उलटं आहे. या पतंगाची सोंड टणक, टोकदार आणि बारीक काट्यांची असते. रात्री तो संत्र्याची साल भोसकून रस पितो. त्याची अळी मात्र संत्र्याच्या झाडावर राहतच नाही. ती वाढते गुळवेल आणि वासनवेलीवर.

मग संत्र्याची पानं खाणारी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ती अळी कोणाची? ती लिंबावरच्या फुलपाखराची. तिला मारून फळांची भोकं थांबणार नाहीत. फळांसाठी आजूबाजूच्या वेलींकडे लक्ष द्यावं लागतं, गळलेली फळं उचलून नष्ट करावी लागतात, संध्याकाळी बागेत धूर करावा लागतो.

अजून एक अडचण आहे. रात्री टॉर्च घेऊन गेलात आणि फळावर पतंग बसलेला दिसला, तरी तोच दोषी असेल असं नाही. बऱ्याच पतंगांची सोंड मऊ असते. ते दुसऱ्याने पाडलेल्या भोकातून रस पिऊन घेतात. म्हणून नाव लागतं.

नाव कसं लावायचं?

आधी फुलपाखरू की पतंग ते ठरवा. मिशांची टोकं गाठीसारखी फुगलेली असतील तर बहुतेक फुलपाखरू. मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतील तर पतंग. 'फुलपाखरू दिवसा, पतंग रात्री' या नियमावर फार विसंबू नका, दिवसा उडणारे पतंगही भरपूर आहेत.

त्यानंतर पंख. संत्र्याच्या त्या गुन्हेगारांचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे असतात. बसला की पान पडलंय असंच वाटतं. पंख उघडले की मागचे पंख भडक नारिंगी-पिवळे दिसतात. त्यावर मधोमध टपोरा काळा ठिपका असेल तर तो युडोसिमा मॅटर्ना. ठिपक्याऐवजी स्वल्पविरामासारखा वाकडा काळा पट्टा असेल तर युडोसिमा फॅलोनिया. म्हणून फोटो काढताना फक्त मिटलेले पंख टिपून थांबू नका. वरून एक, बाजूने एक आणि जमलं तर मागचे पंख दिसतील असा एक फोटो घ्या. तारीख, ठिकाण आणि शेजारचं झाड लिहून ठेवा. झाडाचं नाव कळलं की शक्यतांची यादी एकदम छोटी होते.

एवढं करूनही काही पतंग फोटोवरून ओळखता येत नाहीत. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत, आणि त्यातल्या कित्येक निव्वळ तपकिरी, नखाएवढ्या. जॉर्ज हॅम्पसन यांनी 1892 ते 1896 या काळात भारतातल्या पतंगांवर लिहिलेले चार खंड आजही उघडावे लागतात. तरी अडलं तर सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना पाहतात, किंवा डीएनएचा साधारण 650 अक्षरांचा एक ठरलेला तुकडा वाचून जुळवतात. 'जात ठरवता आली नाही' हेही आमच्या वहीत मान्य उत्तर आहे. अंदाजाने ठोकून दिलेल्या नावापेक्षा ते बरं.

कापूस आणि टसर

गुलाबी बोंडअळी विदर्भाला नव्याने सांगायला नको, 2017 चा हंगाम लोकांच्या लक्षात आहे. ही अळी बोंडाच्या आत असते, बाहेरून दिसत नाही. म्हणून शेतात कामगंध सापळे लावून तिचे नर पतंग मोजतात. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली, असं धरतात. पण मोजायचा तो जेमतेम सेंटिमीटरभर करडा-तपकिरी पतंग. सापळ्यात चुकून शिरलेले दुसरेही त्यात मोजले तर फवारणीचा खर्च उगाच. आणि त्याला ओळखलंच नाही तर बोंडं गेली.

दुसऱ्या टोकाला टसरचा पतंग आहे. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या पाळतात, कोषांपासून रेशीम काढतात. तळहाताएवढा पतंग, प्रत्येक पंखावर डोळ्यासारखी खूण. त्याला खाण्यासाठी कामाचं तोंडच नसतं. अळीने साठवलेल्या शिदोरीवर तो थोडे दिवस जगतो, जोडीदार शोधतो, अंडी झाली की संपतो. असा पतंग दिव्याला आला म्हणून कोणी झाडूने मारला, तर मला फार वाईट वाटतं.

जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात, 2012 पासून, जगभर पतंग सप्ताह पाळतात. आपल्याकडे तेव्हा पावसाळा ऐन भरात असतो. गच्चीवर जुनी पांढरी चादर टांगा, समोर दिवा लावा, दोन तास बघत बसा. मग दिवा आठवणीने बंद करा, कारण दिव्यापाशी अडकलेला पतंग ना खातो, ना जोडीदार शोधतो. पहिल्या रात्री दहा वेगवेगळे दिसले आणि दोनच ओळखता आले, तरी उरलेल्या आठांचे फोटो टाकून देऊ नका. तारीख आणि ठिकाण लिहून जपून ठेवा. नाव नंतरही लावता येतं.